ओसिबिसा : लयींच्या मिश्रणाचा एक अभ्यास

'मिश्र' हा शब्द आपण फारसा आदराने वापरीत नाही. भाषा मिश्र झाली म्हणजे बिघडली, रागाच्या नावामागे 'मिश्र' लागले म्हणजे मैफल हलक्याफुलक्या वळणावर आली, असे आपण सहज बोलून जातो. ज्या महाविद्यालयाच्या अंकात मराठी आणि कन्नड हे दोन विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधले जातात, तेथील विद्यार्थ्यांनी तरी या शब्दाकडे जरा बारकाईने पाहावे असे मला वाटते. त्यासाठी प्रस्तुत लेखात मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. दूरच्या उदाहरणाचा फायदा असा की, त्यात आपला अभिमान गुंतलेला नसतो. त्यामुळे विचार करणे सोपे जाते.

हे उदाहरण आहे 'ओसिबिसा' या वाद्यवृंदाचे. १९६९ साली लंडनमध्ये तो स्थापन झाला. आफ्रिकी संगीत, रॉक आणि जाझ या तिन्हींचा मेळ घालणारा वाद्यवृंद अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. तीन पदार्थ एका भांड्यात घातले की चौथा तयार होतो, अशी समजूत त्या ओळखीमागे आहे. प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

१. माणसे आणि नाव

या वाद्यवृंदाचे प्रमुख टेडी ओसेई. जन्म १९३७, घानामधील कुमासी या शहरी. सॅक्सोफोन, बासरी आणि ढोल ही त्यांची वाद्ये. घानात 'कॉमेट्स' नावाच्या वाद्यवृंदात नाव मिळवल्यावर १९६२ साली सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ते संगीत शिकण्यासाठी लंडनला गेले. १९६४ मध्ये त्यांनी 'कॅट्स पॉ' हा वाद्यवृंद काढला. पुढे १९६९ मध्ये त्यांनी आपले धाकटे बंधू मॅक टोंटो आणि जुने सहकारी सॉल अमार्फिओ यांना घानाहून बोलावून घेतले. टोंटो ट्रंपेट वाजवीत, अमार्फिओ ड्रम. नायजेरियाचे लासिसी अमाओ तालवाद्यांसाठी आणि सॅक्सोफोनसाठी आले.

उरलेले तिघे मात्र आफ्रिकेतले नव्हते. गिटारवादक वेंडेल रिचर्डसन अँटिग्वाचे, ऑर्गन वाजवणारे रॉबर्ट बेली त्रिनिदादचे, आणि बास गिटार वाजवणारे स्पार्टाकस आर ग्रेनाडाचे. म्हणजे चौघे पश्चिम आफ्रिकेचे आणि तिघे वेस्ट इंडीज बेटांचे. ही विभागणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

नावाची कथाही उद्बोधक आहे. 'ओसिबिसा' म्हणजे एकमेकींना छेदत जाणाऱ्या आणि आनंदाने उसळणाऱ्या लयी, असा अर्थ तबकड्यांच्या वेष्टनांवरून आणि मुलाखतींतून सांगितला जाई. अर्थ छान आहे, परंतु शब्दाचे मूळ साधे आहे. घानाच्या किनाऱ्यावरील फांटे भाषेत 'हायलाइफ' या लोकप्रिय संगीतप्रकाराला 'ओसिबिसाबा' म्हणतात. त्यावरून हे नाव आले. म्हणून ओसिबिसा समजून घ्यायचे तर आधी हायलाइफ म्हणजे काय ते पाहावे लागते.

२. ज्याला आपण मूळ समजतो ते

घाना देशाचे जुने नाव गोल्ड कोस्ट. त्या किनाऱ्यावर एल्मिना येथे पोर्तुगीजांनी १४८२ साली किल्ला बांधला. १५१० मध्ये गोवा घेणारे तेच हे पोर्तुगीज. पुढे एल्मिना आणि शेजारचे केप कोस्ट ही गुलामांच्या व्यापाराची मोठी ठाणी झाली, आणि तेथून असंख्य माणसे जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी याच किनाऱ्यावर वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी आणल्या. त्यांच्याबरोबर पितळी वाद्यांचे बँड आले. फावल्या वेळात हे सैनिक आपल्या बेटांवरील चाली वाजवीत. त्या ऐकून स्थानिक वादकांनी तीच वाद्ये हाती घेतली आणि आपल्या लयीत वाजवायला सुरुवात केली. लायबेरियाच्या क्रू जमातीच्या खलाशांनी बंदराबंदरांतून गिटार वाजवण्याची एक खास पद्धत पसरवली. शहरातल्या प्रतिष्ठितांच्या क्लबांत बॉलरूम नाचाचे वाद्यवृंद होते. या तिन्ही प्रवाहांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हायलाइफ घडले. क्लबात शिरण्याइतका पैसा नसलेले लोक बाहेर उभे राहून आतली मजा पाहत, आणि 'हे बड्यांचे जिणे' म्हणत. त्यावरून ते नाव पडले असे सांगतात. १९५० नंतरच्या दशकात ई. टी. मेन्सा यांच्या 'टेंपोज' या वाद्यवृंदाने हायलाइफला पश्चिम आफ्रिकेत सर्वत्र पोहोचवले. १९५६ साली लुई आर्मस्ट्राँग हा थोर जाझ वादक अक्रा येथे आला, तेव्हा मेन्सा त्याच्याबरोबर वाजवायला होते. पुढच्याच वर्षी, ६ मार्च १९५७ रोजी, घाना स्वतंत्र झाला.

आता आपल्या समजुतीचे काय झाले ते पाहा. ओसिबिसामधील 'आफ्रिकी' भाग म्हणून जे दाखवले जाते, त्यात वेस्ट इंडीजचे बँड, युरोपीय पितळी वाद्ये आणि खलाशांची गिटार आधीच मुरलेली होती. दुसऱ्या बाजूने, जाझ आणि रॉक यांची वंशावळ मागे नेली तर ती अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांच्या गाण्यावादनाशीच जाऊन भिडते. वेस्ट इंडीजच्या बेटांवरील बहुसंख्य लोक त्याच गुलामांचे वंशज. तेव्हा १९६९ साली लंडनमधल्या त्या खोलीत चार पश्चिम आफ्रिकी आणि तीन वेस्ट इंडियन एकत्र बसले, तेव्हा परक्यांची गाठ पडली असे म्हणता येणार नाही. फार पूर्वी ताटातूट झालेल्या भाऊबंदांची ती भेट होती. मात्र इतक्या काळाने भेटलेल्या भावांची बोली एक राहत नाही. ती कशी जुळवायची, हा खरा संगीताचा प्रश्न होता.

३. घंटेचे पाच ठोके

या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याआधी एक लहानसा प्रयोग करावा, असे मी विद्यार्थ्यांना सुचवतो. त्याला वाद्य लागत नाही. वर्गातली बाके पुरतात.

पश्चिम आफ्रिकेच्या सामूहिक वादनात एक लोखंडी घंटा असते. ती आदळून नव्हे, काठीने वाजवतात. तिचा एक ठरलेला घाट असतो आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अक्रा येथील गा जमातीच्या तरुणांनी 'क्पानलोगो' नावाचा ढोलनाच रूढ केला. त्यातील घंटेचा घाट सोळा बारीक मात्रांत असा बसतो :

टण् – – टण् – – टण् – – – टण् – टण् – – –

म्हणजे १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर ठोका. क्यूबा बेटावर दोन लाकडी दांडक्यांवर नेमका हाच घाट वाजवतात. सागर ओलांडून गेलेल्या माणसांजवळ सामान नव्हते. पण लय त्यांच्याबरोबर गेली, याचा यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आता वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाने १, ५, ९, १३ या मात्रांवर पाय आपटावा. दुसऱ्याने घंटेचे पाच ठोके टाळ्यांनी द्यावेत. दोन्ही जमले की तिसऱ्याने ५ आणि १३ या मात्रांवर बाकावर जोरात थाप मारावी. ही तिसरी थाप म्हणजे रॉक संगीताच्या ड्रमचा नेहमीचा ठोका. चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर देणे हे रॉकचे चटकन ओळखू येणारे लक्षण होय.

काय ऐकू येते? घंटा आणि पाय यांची गाठ फक्त पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर पडते. ४, ७ आणि ११ हे ठोके पायाच्या फटींत पडतात. पहिले तीन ठोके तीन-तीन मात्रांच्या अंतराने येतात, त्यामुळे कानाला वाटते की लय तिनाची आहे. पाय मात्र चाराचे माप सोडत नाही. आणि रॉकच्या थापेची घंटेशी भेट आवर्तनात एकदाच होते, तेराव्या मात्रेवर. पाचव्या मात्रेवर रॉकचा जोर पडतो, तेव्हा घंटा गप्प असते. या ओढाताणीतच नाचावेसे वाटायला लावणारा जोर आहे. तिन्ही गट एकाच मात्रेवर थापा मारू लागले, तर कवायत होईल. नाच होणार नाही.

आपल्या तीनतालातही सोळा मात्रा आहेत. परंतु तुलना जपून करावी. आपल्याकडे ठेक्यातील प्रत्येक मात्रेला बोल आहे, नवव्या मात्रेवर काल आहे, आणि कितीही दूर भटकलेला कलावंत समेवर येतो तेव्हा मैफल मान डोलावते. घंटेच्या वादनात सगळ्यांनी मिळून गाठायची अशी ठळक सम नाही. तेथे प्रत्येक वादकाजवळ एक छोटासा, अपुरा वाटणारा तुकडा असतो. सगळे तुकडे एकमेकांत अडकले की आकृती पुरी होते. एकाच्याही हाती ती संपूर्ण नसते. घंटेला आपल्याकडचे जवळचे नाते शोधायचेच तर ते तबल्याच्या एकल वादनातील लेहऱ्याशी आहे. पेटीवर किंवा सारंगीवर तोच लेहरा फिरत राहतो, म्हणूनच तबलजी मोकळा होतो.

४. कोणी कोणासाठी जागा केली

ओसिबिसाच्या प्रत्येक गाण्यात वर दिलेलाच घाट आहे, असे मी म्हणत नाही. तत्त्व मात्र तेच आहे. 'ओसिबिसा' याच नावाची त्यांची पहिली तबकडी १९७१ साली निघाली. निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी, आणि वेष्टनावर रॉजर डीन या चित्रकाराने काढलेले पंखांचे उडते हत्ती. 'द डॉन' या पहिल्या तुकड्यात पहाटेच्या रानातले आवाज आहेत, बोलका निवेदनाचा स्वर आहे, मग बासरी. त्यानंतरच्या 'म्युझिक फॉर गाँग गाँग' या तुकड्याच्या नावातच घंटा आहे; घानात दवंडी पिटण्यासाठीही गाँगगाँग वापरतात. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना चाल विसरून नुसत्या तळाकडे कान द्यावा. तेथे ढोल, घंटा आणि अमार्फिओंचा ड्रम यांची वीण आधी बसते. गिटार, ऑर्गन आणि पितळी वाद्ये त्या विणीत आपली जागा शोधून बसतात.

रॉकमध्ये विजेवरची गिटार राजा असते. येथे ती बराच वेळ एका लहान तालतुकड्याची पुनरावृत्ती करते, म्हणजे एका ढोलाचेच काम करते. मग तिची पाळी आली की मोकळी सुटते. जाझमध्ये एकेक वादक पुढे येऊन उपज करतो आणि खालची स्वरसंगती बदलत राहते. येथे स्वरसंगती फार बदलत नाही, एक-दोन स्वरसमूहांवरच स्थिर राहते. पण सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांच्या उपजेला भरपूर वाव ठेवलेला असतो. हा वाव पश्चिम आफ्रिकेला परका नव्हता. तेथील ढोलवादनात साथीचे ढोल ठरलेला बोल सोडत नाहीत, आणि प्रमुख ढोलिया मात्र स्वतंत्र असतो. जाझने ते स्वातंत्र्य फुंकवाद्याला दिले होते. ओसिबिसाने ते दोघांनाही दिले.

माझ्या मते यशस्वी मिश्रणाचे मर्म येथे आहे. तिघांना सारखा वाटा देऊन ते साधलेले नाही. कोणता घटक पाया व्हायचा आणि कोणी त्यावर उभे राहायचे, हे ठरवून ते साधले आहे. गिटारच्या ठेक्यावर वरून चवीपुरते ढोल भुरभुरण्याचे प्रयोग त्या काळी थोडे झाले नाहीत. त्यात ढोल नुसता दागिना होतो. ओसिबिसामध्ये ढोल हे घर आहे, आणि विजेची वाद्ये त्या घरात राहायला आली आहेत.

आपल्याकडे पेटीची गोष्ट अशीच आहे. युरोपात घडलेले हे वाद्य येथे आले, मांडीसमोर बसले आणि रागाच्या शिस्तीत राहू लागले. मींड तिला जमत नाही, श्रुती तिच्यात नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती अनेक वर्षे टिकली. आक्षेप शास्त्राला धरून होता. तरीही आज पेटीवाचून आपल्या गायनाची मैफल क्वचितच दिसते. वाद्य परके असणे आणि संगीत परके होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. दुकानात फळी नसलेले संगीत

पहिली तबकडी आणि त्याच वर्षी निघालेली 'वोयाया' या दोन्ही ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचल्या. गा भाषेत 'वोयाया' म्हणजे आपण चाललो आहोत, जात आहोत. त्याच नावाचे गाणे पुढे १९७३ मध्ये आर्ट गारफंकेल या अमेरिकन गायकाने आपल्या तबकडीत घेतले. १९७६ साली 'सनशाइन डे' हे गाणे ब्रिटनमध्ये १७ व्या क्रमांकावर गेले. प्रत्यक्ष मैफलींना गर्दी होई, जगभर दौरे होत. १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात त्यांनी वादन केले. १९८१ साली ते भारतातही आले, आणि येथील कार्यक्रमाची तबकडी निघाली.

तरीसुद्धा एक अडचण त्यांच्या मागे कायम राहिली. तबकड्यांच्या दुकानात त्यांना ठेवायचे कोठे? रॉकच्या फळीवर ते फार आफ्रिकी, जाझच्या फळीवर फार नाचरे, आणि आफ्रिकी लोकसंगीताच्या फळीवर फार विजेचे. 'वर्ल्ड म्युझिक' ही वर्गवारी लंडनमधील काही ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एकत्र बसून ठरवली ती १९८७ साली, म्हणजे ओसिबिसाच्या पहिल्या तबकडीनंतर १६ वर्षांनी. पॉल सायमन यांची दक्षिण आफ्रिकी वादकांसह केलेली 'ग्रेसलँड' १९८६ ची. वाट ज्यांनी आधी तुडवली, त्यांना तिच्यावरची पाटी उशिरा मिळाली.

'तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?' हा प्रश्न आपल्या भागातील विद्यार्थ्याला नवा नाही. घरात एक बोली, बाजारात दुसरी, परीक्षेत तिसरी. अर्जातल्या चौकटीत मात्र एकच भाषा लिहायची असते. ओसिबिसाचे उदाहरण मला येथे उपयोगी वाटते. चौकट चुकीची असू शकते. तिच्यात न मावणारे जगणे अपुरे असते असे नाही.

६. आनंद उथळ असतो काय?

ओसिबिसावर घेतला जाणारा मुख्य आक्षेपही पाहिला पाहिजे. त्यांचे संगीत नुसते आनंदाचे आहे, त्यात आफ्रिकेचे दुःख नाही, असे म्हणतात. तुलनेसाठी नायजेरियाच्या फेला कुटी यांचे नाव घेतले जाते. त्यांनीही लंडनमध्येच संगीताचे शिक्षण घेतले होते. १९६९ मध्ये, ओसिबिसा जन्मला त्याच वर्षी, ते अमेरिकेत गेले, तेथील कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी त्यांचा परिचय झाला, आणि परतल्यावर ड्रमवादक टोनी ॲलन यांच्या साथीने त्यांचे 'आफ्रोबीट' आकाराला आले. हायलाइफ आणि जाझ त्यातही आहेत, पण गाणी दीर्घ, उपरोधिक आणि राज्यकर्त्यांवर थेट तुटून पडणारी. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी लागोसमधील त्यांच्या घरावर हल्ला करून ते जाळले.

फेलांचे धैर्य मोठे आहे यात शंका नाही. परंतु एका मोजपट्टीने दोघांना मोजू नये. फेला आपल्या देशात राहून आपल्या सरकारशी भांडत होते. ओसिबिसाचे वादक परदेशात होते, आणि आफ्रिका म्हणजे दैन्य व अंधार एवढेच ठाऊक असलेल्या श्रोत्यांसमोर वाजवत होते. त्या श्रोत्यांना 'अक्वाबा' म्हणजे अकान भाषेतले 'या, स्वागत आहे' अशा नावाचा तुकडा ऐकवणे, पाहुण्याने यजमानाच्या घरात उभे राहून स्वतःच यजमान होणे, हीसुद्धा एक भूमिका होती. पहिल्या तबकडीत 'थिंक अबाउट द पीपल' हे शीर्षकही आहे, हे आक्षेपकांनी विसरू नये.

७. पुढील अभ्यासासाठी

'आफ्रिकी संगीत' हा शब्द मी या लेखात सोयीसाठी वापरला, पण तो 'आशियाई संगीत' म्हणण्याइतकाच मोघम आहे. वरील चर्चा पश्चिम आफ्रिकेची, त्यातही मुख्यतः घानाची आहे. पूर्व आफ्रिकेची परंपरा निराळी, आणि तिचा एक धागा आपल्या शेजारी येऊन पोहोचला आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतून सिद्दी समाज राहतो. गुलाम, शिपाई, खलाशी म्हणून मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून, पुष्कळसे पोर्तुगीज गोव्याच्या मार्गाने आलेल्या माणसांचे हे वंशज. कोकणी, कन्नड, मराठी या भाषा त्यांच्या रोजच्या वापरात आहेत, आणि डमाम हा ढोल त्यांच्या नाचगाण्यात अजून वाजतो. ओसिबिसाचा आणि त्यांचा थेट संबंध नाही. पण घंटेचे पाच ठोके ज्याने एकदा बाकावर वाजवून पाहिले, त्याने डमामच्या ठेक्याची मात्रामोजणी करून पाहावी. संगीताची आवड असणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एका सुटीत हाती घेता येईल असा हा विषय आहे. तो मराठी विभागात छापावा की कन्नड, हे संपादकांनी ठरवावे; दोन्हीकडे छापला तर उत्तम.

मॅक टोंटो २०१० मध्ये वारले, आणि टेडी ओसेई जानेवारी २०२५ मध्ये. तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. ऐकताना सुरुवात ट्रंपेटपासून किंवा गिटारपासून करू नये. प्रथम घंटा शोधावी. ती सापडली की बाकीच्यांनी तिच्याभोवती आपापली जागा कशी केली आहे, हे आपोआप ऐकू येऊ लागते.